एका खांबातले चार कोनाडे

नोकरी सोडली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. इमारतीच्या खांब-तुळयांचं गणित मला येत होतं, गिऱ्हाईक कसं मिळतं हे येत नव्हतं. फोर्टातल्या ज्या कंपनीत मी होतो तिथे टेबलावर नकाशा यायचा, मी तो तपासायचो आणि सही साहेब करायचे. हा नकाशा येतो कुठून, असा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नाही. मुलुंडच्या घरी पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दाराबाहेर पाटी लावली, आणि मग पडला. पहिल्या दोन महिन्यांत पाटी वाचून तीन माणसं आली. एकाला शेजारच्या इमारतीचा पत्ता हवा होता, एकाला गणपतीची वर्गणी हवी होती, आणि तिसऱ्याला पाटी कोणाकडून रंगवून घेतली हे हवं होतं. त्याचाही धंदा नवीन होता.

कोणीतरी सांगितलं, ओळखी वाढवा. म्हणून मी अंधेरीच्या एका हॉटेलात पंधरवड्याला भरणाऱ्या व्यावसायिकांच्या मंडळात जाऊ लागलो. तिथे प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असे. अध्यक्ष छोटी पितळी घंटा वाजवत आणि मग एकेकाने उभं राहून स्वतःविषयी एक मिनिट बोलायचं. एका मिनिटात माणूस स्वतःबद्दल किती बोलू शकतो हे मला तिथे समजलं. नंतर कार्डांची देवाणघेवाण होई. माझ्या कार्डावर शेजाऱ्यांचा फोन नंबर होता आणि त्यापुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरं होती. ती वाचली की समोरच्याचा हात आपोआप बटाटेवड्यांच्या ताटाकडे वळे. चार महिन्यांत माझ्याकडे साठेक कार्डं जमली आणि त्यातून एक गिऱ्हाईक आलं. त्याने गच्चीवर परवानगीशिवाय दोन खोल्या चढवल्या होत्या आणि त्या मुळापासूनच तिथे आहेत असा दाखला त्याला हवा होता. मी नाही म्हटलं. पुढच्या बैठकीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मीही मग जाणं थांबवलं. वडे मात्र चांगले असत.

खरं काम सुरू झालं ते एका गळक्या गॅलरीपासून. मुलुंडलाच एक वकीलबाई होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज कोर्टात पोचेल एवढा. सोसायट्यांची भांडणं हे त्यांचं क्षेत्र. त्यांच्या गॅलरीचं छत गळत होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी स्टुलावर चढलो, हातोडीने ठोकून पाहिलं आणि उतरलो.

"बाई, हे माझं काम नाही. छताला काही झालेलं नाही. वरच्यांच्या मोरीचा पाइप फुटलाय. प्लंबर बोलवा."

आतल्या खोलीतून एक माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला. खाकी अर्धी चड्डी, कमरेला पाना. तो मालवणचा आणि तोच प्लंबर.

"मी तेवाच सांगलंय तुमका," तो बाईंना म्हणाला.

"तुझ्यावर विश्वास होताच रे," बाई म्हणाल्या. "ह्यांचं बघायचं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याआधी दोन इंजिनियर येऊन गेले. एकाने गॅलरी पाडायला सांगितली, दुसऱ्याने गच्ची उकरायला. बसा, चहा घ्या."

अशी माझी भरती झाली. बाई, प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन, बोरिवलीचा एक जमीन मोजणारा आणि मी. बिल्ला नव्हता, घंटा नव्हती. नियम होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. ज्याच्याकडून आपल्या स्वतःच्या घरी काम करून घेतलं नाही, त्याच्याकडे दुसऱ्याला पाठवायचं नाही. पाठवायचं म्हणजे चिठ्ठी द्यायची नाही, बरोबर जायचं. "चिठ्ठीवर सही कोणीही करतं," बाई म्हणत. "माणूस वाईट निघाला तर पहिली शिवी तोंडावर खायला आपण समोर पाहिजे." आणि शिफारशीबद्दल कोणी कोणाकडून चहापलीकडे काही घ्यायचं नाही. या पद्धतीने कामं हळूहळू येत, पण आलेलं गिऱ्हाईक दारातूनच अर्धा विश्वास घेऊन आत येई. उरलेला अर्धा कमवायचा, एवढंच माझं काम असे. साठ कार्डांपेक्षा हे बरं होतं.

आमची ही पद्धत अचूक आहे, असं मला वर्षभर वाटत होतं. घाटकोपरच्या त्या इमारतीने ते वाटणं मोडलं.

इमारत साधी. तळमजला आणि वर तीन मजले, बहुतेक कुटुंबं कोकणातली. घरातली मोठी माणसं गिरणीत होती; गिरण्या बसल्यावर कोणी रिक्षा घेतली, कोणी कुरियर झालं, कोणी सोसायटीच्याच दारात भाजी मांडली. तिथले चेअरमन एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सफारी सूटमधले गृहस्थ होते आणि बाईंचे जुने अशील. त्यांना इमारत रंगवून तिचा वर्धापनदिन करायचा होता. समारंभाची संगमरवरी पाटी तयार होती, त्यांचं स्वतःचं नाव ठसठशीत कोरलेलं. प्रमुख पाहुण्यांच्या नावाची जागा मोकळी होती, कारण पाहुणा अजून मिळाला नव्हता. एवढ्यात तळमजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात भिंतीचा गिलावा वालाच्या उसळीत पडला. रंगाआधी ते 'किरकोळ काय ते' बघून घ्यावं, म्हणून बाई मला आणि प्लंबरला घेऊन रविवारी सकाळी तिथे गेल्या.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या खांबाला उभी चीर गेली होती. चिरेच्या बाजूलाच, भिंतीत बसवल्यासारखा, छान टाइल लावलेला देव्हारा होता. मी हातोडीने ठोकलं. आवाज पोकळ आला.

"वहिनी, देव जरा बाजूला घ्याल?"

"देव? ते कशाला? पडलंय तिकडे, देव इकडे."

प्लंबरने सांभाळलं. "वैनी, पाच मिंटां. आमी हात लावणव नाय, तुमीच घेवा."

वहिनींनी देव एकेक करून पाटावर ठेवले, नमस्कार केला आणि पदर खोचून माझ्यावर लक्ष ठेवायला उभ्या राहिल्या. मी मागची टाइल खरवडली. तो देव्हारा भिंतीत नव्हता, खांबात होता. नऊ इंची खांबात पाच इंच खोल कोनाडा खणला होता. सळ्यांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा कापलेल्या. सळ्या उघड्या पडून गंजलेल्या, कारण रोज सकाळी देवांच्या आंघोळीचं पाणी त्याच वाटेने आत झिरपत होतं. गंज फुगला की गिलावा सुटतो. उसळीत पडला तो त्यातलाच तुकडा.

"हा कोनाडा कोणी केला?"

"आमच्या गवंड्याने. लई चांगला माणूस. एक दिवसाचं काम, पण घर पुसून देऊन गेला. वरच्यांचाही त्यानेच केला."

"वरच्यांचा?"

"त्यांनी आमचा बघितला ना, त्यांना आवडला. मग दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांचा बघितला."

"आणि तिसऱ्या?"

"त्यांचा बघून या, साहेब. मार्बलचा आहे."

आम्ही बघून आलो. स्वयंपाकघरं एकाखाली एक होती, त्यामुळे खांबही तोच होता. पहिल्या मजल्यावर निळी टाइल, दुसऱ्यावर सनमायकाची दारं आणि आत झीरोचा बल्ब, तिसऱ्यावर मार्बल. तिसऱ्यावरच्या काकूंनी तर सांगितलं, "आमच्यात एक लोखंडी सळी मध्ये येत होती. त्याने हॅक्सॉने कापली, पण कसं सफाईने, कळत नाही बघा." चारही घरांत मला चहा विचारला गेला आणि चारही घरांत त्या गवंड्याची स्तुती झाली. खाली उतरताना जिन्यात मी एकदा थांबलो. मला चक्कर आली नव्हती. एक विचार आला होता आणि तो चालता चालता करण्यासारखा नव्हता.

ही तर आमचीच पद्धत होती. त्या गवंड्याकडे कार्ड नव्हतं, बिल्ला नव्हता. आपल्या घरी आधी काम करून घेऊन, ते दाखवून, मगच शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं होतं. माणूस प्रामाणिक होता, हात स्वच्छ होता, वेळेवर येत होता. प्रत्येकाने विचारलं, हा चांगला आहे ना? मुळात हे काम करावं की नाही, ते मात्र कोणी विचारलं नाही; आणि आमच्या त्या न लिहिलेल्या नियमांतही हा प्रश्न नव्हता. चांगल्या शिफारशीने तो खांब पोखरत पोखरत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. वाईट गवंडी असता तर तळमजल्यावरच थांबला असता.

आवारात माणसं जमली होती. मी सरळ सांगितलं: चारही मजल्यांवर या खांबाजवळ आधी टेकू लावायचे, मग कोनाडे बुजवायचे, खांबाभोवती नव्या सळ्या बांधून नवं काँक्रीट घालायचं. देव दुसऱ्या भिंतीवर. रंग त्यानंतर.

"पण वर्धापनदिन?" चेअरमन म्हणाले.

"इमारतीचा आहे ना? मग इमारत लागेल."

हे मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा ताठ झाला. त्यांच्या परिचयाचे अंधेरीचे एक इंजिनियर आहेत, मोठ्या मंडळाचे पदाधिकारी आहेत, आणि रंगाआधीचा दाखला ते चहा पिता पिता देतील, असं त्यांनी सांगितलं. कोण असावेत याचा मला अंदाज आला. घंटा त्यांच्याच हातात असे.

दुसऱ्या मजल्यावरचे काका पुढे आले. "नऊ वर्षं झाली. काय पडलं का? आता तुम्ही येऊन ठोकलंत आणि पडायला लागलं."

"काका, आधीच पडलंय. उसळीत."

"ते खाली! आमचं झकास आहे. आणि तुम्ही कोण, यार? आमच्या गवंड्याला आम्ही ओळखतो. तुम्हाला कोण ओळखतं?"

लोक हसले. मी बाईंकडे बघितलं, पण त्या काकांकडेच बघत होत्या.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. तुमची शिफारस मी केली आणि माझी चेअरमनने. त्या बायकांना मी कोण?"

"कायद्याने काही करता येईल?"

"येईल की. महापालिकेला कळवते, सोसायटीला नोटीस देते. ते उत्तर देतील, दाखला जोडतील, तारखा पडतील. सहा महिने. तोवर खांब थांबेल?"

"माहीत नाही."

"नक्की?"

"बाई, ज्या दिवशी मला कळेल त्या दिवशी सांगून उपयोग नसेल."

"नोटीस मी उद्या देतेच," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यात चालतो तो शब्द एकाच माणसाचा आहे. तो आणा."

"तो माका ठावक आसा," पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर लटकलेला प्लंबर म्हणाला. "कुर्ल्याक ऱ्हवता."

सोमवारी सकाळी आम्ही कुर्ल्याला एका नव्या बांधकामावर त्याला गाठलं. राजापूरकडचा, पंचावन्नच्या आसपासचा, हडकुळा. गिलावा करत होता आणि खरंच सुंदर करत होता. मी ओळख सांगितली, इमारत सांगितली. त्याचा चेहरा खुलला. "कोनाडे होय? अजून चांगले आहेत ना? मार्बलला पिवळेपणा आला असेल."

"मिस्त्री, तो खांब होता."

"खांबच होता. भिंत चार इंची, तीत काय बसणार? खांबात चार-पाच इंच घेतलं की देव नीट बसतात."

"आणि सळी?"

"आडवी येत होती."

प्लंबरला राहवलं नाही. "आडवी येय होती म्हणान कापलंस? माझो पाय आडवो इलो तर तोय कापशील?"

गवंडी हसला. त्याला ती थट्टाच वाटली. मी आकडे सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या डोळ्यांवरून ते पाण्यासारखे वाहून जाताना दिसले. मग समोर स्लॅबखाली त्याने स्वतः लावलेला लाकडी टेकू दिसला.

"मिस्त्री, ह्या टेकूला मध्येच खाच मारा ना. हातोडी ठेवायला बरी पडेल."

"येडा आहे काय मी? वरचा स्लॅब—"

तो तिथेच थांबला. हातातली थापी तशीच राहिली, गिलावा खाली गळत होता. मग त्याने थापी पाण्याच्या घमेल्यात ठेवली.

"चारही मजल्यांवर माझाच हात आहे," तो म्हणाला. मी मान हलवली. त्याने तो टेकू हाताने चाचपला. मग म्हणाला, "साहेब, मला कोणी पेपरात वाचून बोलवत नाही. ह्याने त्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला, असं माझं चालतं. मी तिथे जाऊन बोललो, की माझं चुकलं, तर ते पण तसंच चालणार. ह्याने त्याला. घाटकोपरात माझी वाट लागली."

"काम गेला तर गेला," प्लंबर म्हणाला. "खांब गेलो तर?"

मी त्याला काही आश्वासन दिलं नाही. तुमचं काम जाणार नाही, असं म्हणावंसं वाटलं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि ज्या माणसाकडून मी खरं बोलण्याची अपेक्षा करत होतो त्याच्याशी सुरुवात खोट्याने करण्यात अर्थ नव्हता. त्याने हात धुतले, सदरा घातला आणि विचारलं, "दुपारच्या वेळी घरात बायका-पोरं असतात ना?" असतात, म्हटलं. "मग चला. संध्याकाळ कशाला?"

तो तिसऱ्या मजल्यापासून सुरू झाला. काकूंनी दार उघडताच आनंदाने त्याला आत घेतलं. तो आत गेला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"काकू, माझं चुकलं. खांब कापायचा नव्हता, मी कापला. देव खाली घ्या. हे साहेब सांगतात ते करून घ्या."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला काही पाजून आणलं होतं. त्याने तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून झोपले होते. उठवल्यामुळे चिडलेलेच होते, ऐकल्यावर भडकले. "तेव्हा अक्कल कुठे गेली होती रे तुझी?"

"नव्हती, काका."

"नव्हती म्हणजे? आम्ही चार लोकांना तुझं नाव सांगितलं! आमचं तोंड कुठे राहिलं?"

"माझं पण नाही राहिलं, काका. पण टेकू लावू द्या."

काका आणखी बरंच काही बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत उभा राहिला. प्लंबर आणि मीही उभे राहिलो. शिवी तोंडावर खायला आपण समोर पाहिजे, हे बाईंचं वाक्य मला पटलेलं होतं, पण त्याला इतका वेळ लागतो हे माहीत नव्हतं. शेवटी काका दमले आणि आत वळून ओरडले, "अगं, देव उचल." पहिल्या मजल्यावर फारसं बोलावं लागलं नाही, जिन्यातून सगळं ऐकू गेलं होतं. तळमजल्यावरच्या वहिनींनी तर आदल्या दिवसापासून देव पाटावरच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी टेकू आले. ते दुसऱ्या कोणी लावलेले चालणार नाहीत, असं त्याच काकांनी जाहीर केलं. लावायचे तर आमच्या गवंड्यानेच. माणसं अशी असतात. चेअरमन नोटीस हातात घेऊन बाईंना म्हणाले, "मग आता पाटीचं काय करायचं?" बाई म्हणाल्या, "जपून ठेवा. पाहुण्यांच्या नावाची जागा मोकळीच आहे, घाई नाही."

काम सहा आठवडे चाललं. गवंड्याचं भाकीत खरं ठरलं: त्या काळात घाटकोपरातून त्याला एकही बोलावणं आलं नाही. बाईंनी आपल्या मोरीची फरशी त्याच्याकडून बदलून घेतली, आणि त्यानंतर माझ्या कामांवर मी त्याला नेऊ लागलो. फक्त आमच्यात एक प्रश्न वाढला. काम कोणाचंही असो, सुरुवात करण्याआधी आमच्यापैकी दुसऱ्या कोणीतरी येऊन विचारायचं: हे करायलाच हवं का? त्यामुळे आमची बरीच कामं गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर ते एका मिनिटाच्या भाषणात शोभेल.

शेवटचा कोनाडा बुजला त्या दुपारी गवंडी माझ्याजवळ येऊन बसला.

"साहेब, अजून आहेत."

"काय अजून?"

"असे. घाटकोपरात दोन, भांडुपला तीन, विक्रोळीला एक. खांबातलेच."

मी वही काढली. पत्ते त्याला येत नव्हते. त्याला नाती येत होती. तळमजल्यावरच्या वहिनींची नणंद. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भावाची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा गिरणीतला दोस्त. जिथे जिथे कौतुकाने त्याचं नाव गेलं होतं तिथे तिथे एक खांब होता. मी लिहून घेतलं आणि म्हटलं, रविवारपासून एकेक करू. तुम्ही आणि मी.

"तुम्ही दोघे जाऊन काय होणार?" मागून वहिनी म्हणाल्या. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. "माझी नणंद तुम्हाला दारात उभं करणार नाही. गवंड्याचं नाव तिला मी सांगितलं होतं. मीच येते."

रविवारी आम्ही भांडुपला गेलो. डोंगराकडच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर घर. नणंदेने दार उघडलं, वहिनींना बघून हसली, मागे गवंड्याला बघून आणखी हसली, आणि माझ्या हातातली हातोडी बघून थांबली.

"काय गं वैनी, अशी अचानक?"

"आत चल आधी, सांगते," वहिनी म्हणाल्या आणि चहाची वाट न बघता थेट तिच्या स्वयंपाकघरात गेल्या.